नल अँड व्हॉइडला घाबरू नका, सब्जेक्ट टूजवळ थांबा

आमच्याकडे खेड्यात आता इंग्रजी कागद फार येऊन राहिले. मोबाइल टॉवरचा भाडेपट्टा, सोलरवाल्यांचं अ‍ॅग्रीमेंट, बियाणे कंपनीचा सीड प्लॉटचा करार, बँकेचं सँक्शन लेटर, पोरीच्या एज्युकेशन लोनचा जमानतनामा, सगळं इंग्रजीत, आणि ज्याची सही पाहिजे तो माणूस रोजचा मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा, हिशोबात पक्का, पण या कागदापुढं एकदम गप्प होऊन जातो. मी दारव्हा तालुक्यात कॉलेजच्या पोरांना इंग्रजी शिकवतो, त्यामुळे संध्याकाळी ओट्यावर कोणी ना कोणी पिशवीतून फाइल काढतेच. वकिली सल्ला मी देत नाही, ते वकिलाचं काम आहे, पण वाक्य फोडून त्यात काय लिहिलं ते सांगणं हे भाषा शिकवणाऱ्याचं काम आहे आणि ते मी मनापासून करतो.

हे कागद वाचता वाचता एक गोष्ट पक्की ध्यानात आली. लोक अडतात ते लांबलचक शब्दांपाशी. नल अँड व्हॉइड, सीस अँड डेझिस्ट, हिअरइनआफ्टर, इन विटनेस व्हेअरऑफ, हे दिसलं की कपाळावर आठ्या. आणि सब्जेक्ट टू, प्रोव्हायडेड दॅट, सेव्हरली, एखादा स्वल्पविराम, यांच्यावरून नजर सरकून जाते, कारण ते लहान आहेत आणि ओळखीचे वाटतात. खरा भार या लहान्यांवरच असते. ही पोस्ट त्याच्यासाठीच लिहून राहिलो, जरा लांब होईल, पण सही करायच्या आधी कामी येईल.

आधी त्या जोडशब्दांचं पाहू. नल म्हणजे रद्द, व्हॉइड म्हणजेही रद्द. सीस म्हणजे थांबणे, डेझिस्ट म्हणजेही थांबणे. लास्ट विल अँड टेस्टामेंट, विल म्हणजे मृत्युपत्र आणि टेस्टामेंट म्हणजेही मृत्युपत्रच. मग दोनदा काहून? त्याला इतिहास आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली, चर्चची आणि नोंदींची लॅटिन होती, आणि रयत बोलायची इंग्रजी. कोर्टात तिन्ही भाषा एकमेकींत मिसळल्या. विल हा जुना इंग्रजी शब्द, टेस्टामेंट लॅटिनमधून आला. गुड्स अँड चॅटल्स मध्ये गुड्स इंग्रजी, चॅटल्स फ्रेंच. ब्रेकिंग अँड एंटरिंग, पुन्हा तेच, पहिला इंग्रजी दुसरा फ्रेंच. लिहिणाऱ्याला वाटायचं, न जाणो एका शब्दातून काही सुटलं तर, म्हणून दोन्ही ठेवून द्यायचे. १३६२ मध्ये तिथं कायदा झाला की कोर्टात बोलणं इंग्रजीत व्हावं, कारण लोकांना फ्रेंच समजत नाही, आणि तो कायदाच मुळात फ्रेंचमध्ये लिहिलेला होता! कोर्टाचं लेखी काम पूर्णपणे इंग्रजीत यायला तर १७३३ उजाडलं. म्हणजे सामान्य माणसाला आपल्याच राज्यातला कागद वाचता यावा यासाठी त्यांनाही शेकडो वर्षं लागली. आणि सगळे जोडशब्द काही दोन भाषांचे नाहीत बरं, नल आणि व्हॉइड दोन्ही फ्रेंचमधूनच आले, पुढं पुढं जोडी लावायची सवयच पडून गेली.

आपल्याकडे वेगळं झालं नाही. कुठलंही जुनं खरेदीखत काढा, शेवटी लिहिलेलं असते, "सदरचे खरेदीखत मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे". राजी अरबीतून आला, खुशी फारसीतून. कागदपत्र मध्ये कागद फारसीच्या वाटेनं आला आणि पत्र संस्कृत. धनदौलत मध्ये धन आपलं, दौलत अरबी. दरबाराची भाषा एक आणि रयतेची दुसरी असली की कागदावर दोन्ही बसतात, हे लंडनलाही तसंच आणि आमच्या वऱ्हाडातही तसंच. त्यामुळे इंग्रजी करारात असा जोड दिसला तर पहिली गोष्ट ही करा की त्याला कागदपत्र या शब्दासारखा एकच शब्द समजा आणि पुढं जा. बहुतेक वेळा काही बिघडत नाही.

तुमच्या घरात कोणाचा पासपोर्ट असेल तर उघडून पाहा, राष्ट्रपतींच्या नावानं छापलेली विनंती आहे, तिच्यात रिक्वेस्ट अँड रिक्वायर आहे आणि विदाउट लेट ऑर हिंड्रन्स आहे. आता लेट म्हणजे आपण शिकतो तो, होऊ देणे. विदाउट लेट म्हणजे होऊ न देता? पोरं इथं हमखास गोंधळतात. हा लेट वेगळा आहे, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थच अडथळा असा होता, टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला लागून पडली की पंच लेट म्हणतो तोही हाच. म्हणजे लेट ऑर हिंड्रन्स, अडथळा किंवा अडथळा. आजच्या बोलण्यातून तो अर्थ कधीचा मेला, पण या जोडीत अजून जिवंत आहे. मला हे फार आवडते, खरं सांगतो. पासपोर्टवर ते शोभते. पण शेतकऱ्याच्या सहीच्या कागदावर असा मेलेला शब्द टाकायला मात्र माझा ठाम विरोध आहे.

आणि लांब लिहिण्याचा त्रास त्यांच्या न्यायाधीशांनाही झालेला आहे. १५९६ मध्ये लंडनच्या चॅन्सरी कोर्टात मायलवर्ड नावाच्या माणसाच्या बाजूनं १२० पानांचं उत्तर दाखल झालं. न्यायाधीशांना दिसलं की हे १६ पानांत झालं असतं, पानं मुद्दाम फुगवली. हुकूम असा झाला की त्या चळतीला मधोमध भोक पाडा, ज्यानं लिहिलं त्याचं डोकं त्यातून बाहेर काढा आणि तसंच त्याला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सगळ्या कोर्टांपुढून फिरवा. वरून दंड. तेव्हा पानाप्रमाणे पैसे मिळायचे, त्यामुळे शब्द वाढवण्यात फायदा होता. आज कॉम्प्युटरवर जुना मसुदा कॉपी पेस्ट होतो, त्यात कोणी शब्द काढत नाही, वाढवतोच, म्हणून कागद जाड होत चालले.

आता खरी गोष्ट. सगळेच जोड मेलेले नसतात. काहींत दुसऱ्या शब्दाला वेगळा अर्थ असते, आणि तो अर्थ घर बुडवू शकतो. जॉइंटली अँड सेव्हरली हा त्यातला सगळ्यात वाईट.

शेजारच्या गावचे एक काका कर्जाचा जमानतनामा घेऊन आले होते. पुतण्यानं ट्रॅक्टर घ्यायचा होता, तीन जण जमानतदार. काका म्हणाले, "सर, आमी तिघं हावो ना जमानतदार, मंग पोट्ट्यानं नाई भरलं तं माह्यावर तिसरा हिस्साच येईन ना?" मी कागदावर बोट ठेवून ती ओळ दाखवली. त्यांचा दहावी झालेला नातू सोबत होता, तो लगेच म्हणाला, "सेव्हरल म्हंजे बरेच. सगळे मिळून असं हाय ते, आबा." शाळेत सेव्हरल म्हणजे बरेच हेच शिकवतात, त्याचं काही चुकलं नाही. पण इथं सेव्हरली म्हणजे सुटासुटा, एकेक जण वेगळा. जॉइंटली म्हणजे तिघं मिळून, सेव्हरली म्हणजे त्यातला प्रत्येक जण एकटासुद्धा, पूर्ण रकमेला. मी त्यांना बोटं मोजून सांगितलं, काका, कर्ज तीन लाख धरा. बँकेला वाटलं तर ती तिघांना नोटीस देईल, वाटलं तर फक्त तुम्हाला देईल, कारण तुमच्या नावावर ओलिताचं शेत आहे आणि बाकी दोघांच्या नावावर काही नाही. आणि तुमच्याकडून एक लाख मागणार नाही, तीनच्या तीन मागू शकते. १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम १२८ सांगते की जमानतदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, करारात वेगळं ठरलं नसेल तर. तुम्ही भरल्यावर बाकी दोघांकडून त्यांचा हिस्सा मागायचा हक्क तुम्हाला आहे, कलम १४६ मध्ये जमानतदारांनी आपसात सारखा भार उचलायची गोष्ट आहे, पण ते तुम्ही आणि ते दोघं पाहा, बँकेला त्याच्याशी घेणं देणं नाही.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "येवढा मोठा अर्थ हाय अन् एका शब्दात लेहून ठेवला?" हाव. एका शब्दात. आणि गंमत पाहा की त्याच कागदावर इररेव्होकेबली अँड अनकंडिशनली, म्हणजे मागे न घेता येईल असं आणि बिनशर्त, असे केवढे मोठे शब्द होते, त्यांच्यावर काकांनी आधीच पेन्सिलनं गोल केला होता, घरच्या सगळ्यांना दाखवून झाला होता, आणि सेव्हरली कोरा होता. म्हणजे ते मोठे शब्द बिनकामाचे होते असं मी म्हणत नाही, पण घराचा हिशोब सेव्हरलीनं बदलत होता.

असाच दुसरा, करारात पहिल्याच पानावर पक्षकारांची नावं येतात तिथं बसलेला असते. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक इंग्रजी दस्तात हे वाक्य सापडेल, हिअरइनआफ्टर रेफर्ड टू अ‍ॅज द लेसी (लेसी म्हणजे भाडेपट्ट्यानं घेणारा), मग स्वल्पविराम, विच एक्स्प्रेशन शॅल, स्वल्पविराम, अनलेस रिपग्नंट टू द कॉन्टेक्स्ट ऑर मीनिंग देअरऑफ, स्वल्पविराम, मीन अँड इन्क्लूड इट्स सक्सेसर्स अँड असाइन्स. एका दमात वाचलं तर काहीच हाती लागत नाही. याला वाचायची युक्ती स्वल्पविरामात आहे. शॅलच्या नंतरचा आणि देअरऑफच्या नंतरचा, हे दोन स्वल्पविराम जोडीचे आहेत, त्यांच्या मधला मजकूर, म्हणजे संदर्भाशी विसंगत नसेल तर ही अट, बोटानं झाकून टाका. उरते काय? विच एक्स्प्रेशन शॅल मीन अँड इन्क्लूड इट्स सक्सेसर्स अँड असाइन्स. म्हणजे "लेसी" म्हटलं की त्यात कंपनी तर आलीच, तिच्या जागी येणारा आणि ती ज्याला आपला हक्क विकेल किंवा सोपवेल तो पण आला. बस, इतकंच. असाइन्स हा शब्द इथं वजनदार आहे. आज तुम्ही ज्या माणसाशी बोलून वावर दिलं, उद्या तो करार दुसऱ्याच कोणाच्या हातात असू शकते आणि तुम्हाला कोणी विचारणार नाही, विचारायचं कलम वेगळं टाकून घेतलं नसेल तर.

टायपिंगवाल्यांना आणि मसुदा करणाऱ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे, या जोडीच्या स्वल्पविरामातला एक गाळू नका. मधली अट दोन्हीकडून बांधलेली पाहिजे. मी पाहतो, शॅलच्या नंतर स्वल्पविराम आहे आणि देअरऑफच्या नंतर नाही, मग अट कुठं संपली ते वाचणाऱ्यानं अंदाजानं ठरवायचं. दोन्ही टाका नाही तर दोन्ही काढा, एक ठेवणं हे सगळ्यात वाईट. आणि हिअरबाय, हिअरटू, देअरऑफ, देअरइन, या शब्दांना तर अजिबात घाबरू नका, हिअर म्हणजे हा दस्त, देअर म्हणजे आत्ताच ज्याचं नाव घेतलं ते, पुढचं बाय, टू, ऑफ, इन हे आपले विभक्तीचे प्रत्यय. हिअरबाय, या दस्तानं. देअरऑफ, त्याचं. झालं.

शॅल आणि मे याबद्दल एकच ओळ. द लेसी शॅल पे, भरावंच लागेल. द लेसी मे रिपेअर द रोड, वाटलं तर करेल. बोलणीत "रस्ता करून देऊ" म्हणाले होते आणि कागदावर मे आलं असेल तर तो रस्ता तुमचा नाही.

आता सब्जेक्ट टू आणि नॉटविथस्टँडिंग. हे दोघं एकमेकांच्या उलट आहेत आणि हे समजावून सांगायला माहितीच्या अधिकाराचा कायदा, २००५, याच्यासारखं चांगलं पुस्तक नाही, कारण तो खेड्यात सगळ्यांना माहीत आहे. कलम ३ किती छोटं आहे, या अधिनियमाच्या तरतुदींना अधीन राहून सर्व नागरिकांना माहितीचा अधिकार असेल. वाक्याची सुरुवातच सब्जेक्ट टू द प्रोव्हिजन्स ऑफ धिस अ‍ॅक्ट नं होते. म्हणजे अधिकार दिला, पण पुढं जे काही लिहिलं असेल त्याच्या खाली राहून. मग कलम ८ येते, ते नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कंटेन्ड इन धिस अ‍ॅक्ट नं सुरू होते, म्हणजे या कायद्यात दुसरीकडं काहीही लिहिलं असलं तरी, पुढची माहिती देणं बंधनकारक नाही. कलम ३ नं मान खाली घातली आणि कलम ८ नं हात वर केला. पण एवढ्यावर थांबत नाही, कलम २२ मध्ये पुन्हा नॉटविथस्टँडिंग आहे, आणि ते नागरिकाच्या बाजूनं आहे, १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट किंवा दुसऱ्या कोणत्याही कायद्यात याच्याशी विसंगत काही असलं तरी हाच कायदा चालेल. म्हणून नॉटविथस्टँडिंग दिसलं की एकच प्रश्न विचारायचा, कोणाच्या वर? नुसतं या करारात असलं तरी, की दुसऱ्या कुठल्याही कागदात असलं तरी? आणि सब्जेक्ट टू दिसलं की विचारायचं, कोणाच्या खाली? ते ज्याच्या खाली आहे ते कलम आधी उघडून वाचायचं आणि मगच हे वाक्य खरं मानायचं. भाडं दरवर्षी वाढेल, सब्जेक्ट टू क्लॉज १४, असं असेल तर क्लॉज १४ वाचेपर्यंत भाडं वाढलं असं घरी सांगू नका.

प्रोव्हायडेड दॅट हा त्यांचा तिसरा भाऊ. आपल्या कायद्यांत मुख्य वाक्य कोलननं, म्हणजे दोन टिंबांनी, संपते आणि नवीन ओळीवर मोठ्या P नं Provided that सुरू होते, त्याच्या जागी मराठी प्रतीत "परंतु" येते. लोकांना वाटते मुख्य गोष्ट वर झाली, खालचं असंच काही तरी. याच कायद्याचं कलम ७ पाहा, माहिती ३० दिवसांत द्यायची असं वर आहे आणि खालच्या परंतुमध्ये आहे की माहिती एखाद्याच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ४८ तासांत. ज्यानं परंतु वाचलं नाही तो महिनाभर वाट पाहत बसेल. त्या कोलनला पूर्णविराम समजू नका, वाक्य अजून चालू आहे. आणि करारात परंतु बहुतेक वेळा समोरच्याच्या सोयीचं असते, कायद्यातल्यासारखं आपल्या सोयीचं क्वचित, म्हणून तिथं दुप्पट लक्ष.

स्वल्पविरामावर मी पोरांपुढं जास्त वेळ बोलतो तेव्हा काही जणांना वाटते की सर व्याकरणाचा कीस काढून राहिले. त्यांना मी सुप्रीम कोर्टाचं एक प्रकरण सांगतो, आपल्याच राज्यातलं, मोहम्मद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७९ च्या लॉ रिपोर्टात छापलेलं. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याचं कलम २७. त्यात तेव्हा शिक्षा कोणाला होती, तर जो मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल ऑर डिस्ट्रिब्यूट्स, म्हणजे बनवणारा, विकणारा, साठवणारा, मांडणारा, वाटणारा. आता प्रश्न असा की एखाद्याजवळ नुसता औषधाचा साठा सापडला, विकायला ठेवला होता हे सिद्ध झालं नाही, तर गुन्हा होते का? म्हणजे स्टॉक्स हा शब्द एकटा उभा आहे की फॉर सेलशी बांधलेला आहे? कोर्टानं पाहिलं की सेल्सच्या नंतर स्वल्पविराम आहे आणि स्टॉक्सच्या नंतर नाही. म्हणून स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल हा एकच अखंड तुकडा आहे, साठासुद्धा विक्रीसाठीच असला पाहिजे, नुसता जवळ असणं हा त्या कलमाखाली गुन्हा नाही. स्टॉक्सच्या नंतर एक स्वल्पविराम असता तर अर्थ दुसरा निघाला असता. माणसाचा तुरुंग की सुटका, आणि मध्ये शाईचा एक शेपटीवाला ठिपका.

अगदी हाच प्रकार पुढं अमेरिकेत मेन राज्यात झाला. ओव्हरटाइम कोणत्या कामांना मिळणार नाही त्याची यादी कायद्यात होती, कॅनिंग, प्रोसेसिंग असं करत करत शेवटी पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन. शिपमेंटच्या नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे दुधाच्या गाड्या चालवणारे ड्रायव्हर म्हणाले, आम्ही माल पोचवतो, पॅक करत नाही, आणि इथं तर पॅकिंगच लिहिलं आहे, पाठवण्यासाठीचं किंवा वाटपासाठीचं. कंपनी म्हणाली, डिस्ट्रिब्यूशन हे वेगळं काम आहे. २०१७ मध्ये अपील कोर्टानं ड्रायव्हरांच्या बाजूनं निकाल दिला, आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. कोर्टाच्या निकालानंतर त्या राज्यानं ती यादीच सुधारली आणि स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम टाकले. यादी लांब असेल, मधल्या एखाद्या बाबीतच "किंवा" असेल, तर अर्धविरामच पाहिजे, हे मी माझ्या वर्गात इतक्या वर्षांपासून फळ्यावर लिहितो.

आता याच्यावर कोणी म्हणेल की कोर्ट विरामचिन्हाला किंमत देत नाही असं ऐकलं आहे. तेही खरं आहे. १९५२ मध्ये अश्विनीकुमार घोष यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्ह हा गौण भाग आहे. पण त्याच प्रकरणात न्यायमूर्ती मुखर्जींनी असंही लिहिलं की कायदा काळजीपूर्वक विरामचिन्हं देऊन लिहिलेला असेल आणि अर्थाबद्दल शंका असेल तर त्या चिन्हांना वजन दिलं पाहिजे. मला वाटते दोन्ही एकत्र ठेवले तर शहाणपणाची गोष्ट निघते. शब्द स्पष्ट असतील तर स्वल्पविराम त्यांना उलटवू शकत नाही, शब्द दोन्हीकडं झुकत असतील तर मात्र तोच ठरवते. म्हणून लिहितानाच वाक्य असं लिहा की स्वल्पविरामावर भार येणार नाही. वाक्य तोडा. दोन वाक्यं करा. कागद महाग नाही.

टॉवर आणि सोलरवाल्यांचे करार वाचताना मला नेहमी आठवते ते कॅनडाचं प्रकरण, आणि ज्यांच्या वावरात असं काही उभं राहणार आहे त्यांनी हे नीट वाचा. रॉजर्स ही केबल कंपनी आणि अ‍ॅलियंट ही टेलिफोन कंपनी, यांच्यात विजेच्या खांबांवरून तारा नेण्याचा करार होता. त्यातलं वाक्य मराठीत असं होईल, हा करार केल्याच्या तारखेपासून पाच वर्षं अमलात राहील, आणि त्यानंतर पाच पाच वर्षांच्या पुढच्या मुदतींसाठी, कोणत्याही पक्षानं एक वर्ष आधी लेखी नोटीस देऊन संपवल्याशिवाय. रॉजर्सला वाटलं पहिली पाच वर्षं पक्की, नोटीसचा हक्क नंतरच्या मुदतींना. अ‍ॅलियंटनं पहिल्या पाच वर्षांतच एक वर्षाची नोटीस देऊन करार संपवला. २००६ मध्ये तिथल्या नियामक आयोगानं अ‍ॅलियंटचं ऐकलं, कारण "मुदतींसाठी" च्या नंतर जो दुसरा स्वल्पविराम होता त्यामुळे नोटीसची अट मागच्या दोन्ही भागांना लागते, पहिल्या पाच वर्षांनाही. तो स्वल्पविराम नसता तर अट फक्त जवळच्या भागाला लागली असती.

माझ्याकडे येणाऱ्या भाडेपट्ट्यांत मुदतीचं कलम याच सांगाड्याचं असते, पहिली मुदत, मग वाढीव मुदत, मग स्वल्पविराम, मग अनलेस टर्मिनेटेड, म्हणजे मध्येच संपवला नाही तर. शेतकरी धरून चालतो की इतकी वर्षं भाडं पक्कं, त्याच्या भरवशावर पोराचं अ‍ॅडमिशन घेतो, विहिरीचं काम काढतो. म्हणून मी तिथं सांगतो की समोरच्याला म्हणा, हे कलम दोन वाक्यांत लिहून द्या. पहिलं वाक्य, पहिली इतकी वर्षं कोणालाही करार सोडता येणार नाही, किंवा येईल, जे ठरलं असेल ते. मग पूर्णविराम. दुसरं वाक्य वाढीव मुदतीचं आणि नोटीसचं. जो माणूस खरंच पक्क्या मुदतीनं जमीन घेऊन राहिला त्याला हे करायला काही अडचण नसते, आणि जो टाळाटाळ करते त्याचं उत्तर तुम्हाला तिथंच मिळून जाते.

त्या कॅनडाच्या प्रकरणाचा शेवट अजून बाकी आहे. २००७ मध्ये आयोगानं आपलाच निर्णय फिरवला. तो करार ज्या नमुन्यावरून केला होता तो नमुना इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत मंजूर झालेला होता, दोन्ही सारख्याच अधिकृत, आणि फ्रेंच प्रतीत वाक्य असं होतं की शंकेला जागाच नव्हती, पहिली पाच वर्षं पक्की. रॉजर्स वाचली ती स्वतःच्या देशाच्या दुसऱ्या भाषेतल्या प्रतीमुळे.

आपल्याकडे हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाची भाषा संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी आहे, पण दोन माणसांचा करार मराठीत करायला कोणाची मनाई नाही. हल्ली काही जण मागितल्यावर मराठी प्रत देतात, ही चांगली गोष्ट आहे. पण ती हातात आल्यावर इंग्रजी कराराच्या शेवटच्या दोन पानांत एक कलम शोधा, इन केस ऑफ एनी इनकन्सिस्टन्सी, द इंग्लिश व्हर्शन शॅल प्रीव्हेल. म्हणजे दोन प्रतींत फरक निघाला तर इंग्रजी खरी. हे कलम असेल तर मराठी प्रत नुसती वाचण्यापुरती आहे, तिच्यावर भांडता येणार नाही. ते बदलून मागा. मी लोकांना जे वाक्य लिहून देतो ते इथं ठेवतो, वकिलाला दाखवा आणि वापरा. "या कराराची मराठी व इंग्रजी प्रत दोन्ही सारख्याच अधिकृत आहेत. दोन प्रतींच्या अर्थात फरक आढळल्यास मराठी प्रतीतील अर्थ धरावा." दोन वाक्यं, दोन पूर्णविराम, आणि सही मराठी प्रतीच्याही प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंची घ्या.